वाघ मोजले; हरणे कोण मोजणार?

यवतमाळ जिल्ह्यातील पांढरकवडा, घाटंजी, राळेगाव, झरी-जामणी या तालुक्यांत खरिपाच्या दिवसांत फिरले, तर एक गाऱ्हाणे प्रत्येक गावात ऐकू येते. कळपच्या कळप रात्री शिवारात उतरतात आणि सकाळपर्यंत उभे पीक भुईसपाट होते. तोच विषय सरकारी दप्तरात गेला की भाषा बदलते. वन्यप्राण्यांची संख्या जंगलाच्या क्षमतेइतकीच आहे, असे तेथे सांगितले जाते. शहरातील निसर्गप्रेमींच्या बैठकीत तिसरेच म्हणणे पुढे येते. तेथे हरणे झपाट्याने नाहीशी होत असल्याची खंत व्यक्त होते. एकाच प्राण्याविषयी ही तीन विधाने आहेत, तिन्ही मनापासून केलेली आहेत आणि तिन्हींच्या पाठीशी आकडा नाही.

वन्यजीवांच्या प्रश्नाचे मूळ दुखणे येथे आहे. वाघ मोजण्यासाठी देशाने गेल्या दोन दशकांत शास्त्रशुद्ध यंत्रणा उभारली आणि त्याचा अभिमान बाळगावा असे काम झाले. परंतु ज्याच्यावर वाघ जगतो आणि ज्याच्यापायी शेतकरी रात्र जागून काढतो, त्या हरणाची गावशिवारातील मोजणी मात्र कोणाच्याच वाट्याला आलेली नाही. ती समाजाने अंगावर घ्यावी, गावातील तरुणांनी आणि शहरातील सुशिक्षित कुटुंबांनी मिळून करावी आणि त्यासाठी ट्रॅप कॅमेऱ्याचा उपयोग करावा, एवढेच या लेखाचे सांगणे आहे.

वाघाच्या पाठीमागे उभे असलेले हरीण

'मृग' हा शब्द संस्कृतात मुळात कोणत्याही वन्य पशूसाठी वापरला जात असे. म्हणूनच सिंहाला मृगेंद्र म्हणतात आणि शिकारीला मृगया. पुढे हा शब्द हरणापुरता उरला. आपल्या शेतकऱ्याची पेरणी मृग नक्षत्राच्या भरवशावर सुरू होते आणि पेरलेले उगवून आले की खरा मृग ते खाण्यास येतो, हा योगायोग विदर्भातील शेतकऱ्याला चांगलाच ठाऊक आहे.

आपण सरसकट 'हरीण' म्हणतो, त्यात दोन वेगळी कुळे आहेत. चितळ, सांबर आणि भेकर यांची शिंगे दरवर्षी गळून पडतात व नवी फुटतात. ही खरी हरणे. काळवीट, चिंकारा, चौसिंगा आणि ज्याला विदर्भात रोही म्हणतात ती नीलगाय यांची शिंगे आयुष्यभर टिकतात. त्यांचे नाते गाय-बकरीच्या कुळाशी आहे. हा भेद केवळ पुस्तकी नाही. चितळ झाडीच्या आडोशाने राहते व शेताच्या कडेला चरून परत फिरते. रोही उघड्या माळावर आणि शेतातच मुक्काम ठोकते. एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही. म्हणून मोजणीची पहिली पायरी 'हरणे किती' ही नसून 'कोणते हरीण किती' ही आहे.

पांढरकवड्याजवळचे टिपेश्वर अभयारण्य सुमारे १४८ चौरस किलोमीटरचे. टिपाई देवीच्या नावाने ओळखले जाणारे हे सागवानी जंगल आज वाघांसाठी प्रसिद्ध आहे. अभयारण्याच्या आतील गावे बाहेर वसविण्यात आली आणि मोकळ्या झालेल्या जमिनीवर गवत वाढले. गवत वाढले की चरणारे प्राणी वाढतात आणि चरणारे वाढले की वाघ स्थिरावतो. वाघाचे संरक्षण म्हणजे मुळात गवताचे व हरणाचे संरक्षण, हा निसर्गाचा साधा हिशेब आहे.

हा हिशेब आकड्यांतही मांडता येतो. वन्यजीव शास्त्रज्ञांच्या अंदाजाप्रमाणे एका वाघाला वर्षभरात चितळाच्या आकाराचे सुमारे ५० प्राणी लागतात. कळपाची वाढ खुंटू न देता शिकारी प्राणी त्यातून साधारण दहावा हिस्सा उचलू शकतो. म्हणजे एका वाघाच्या मागे सुमारे ५०० खुरधारी प्राणी उभे असावे लागतात. दहा वाघांच्या मागे पाच हजार. ते नसतील तर वाघ गावच्या गुरांकडे वळतो आणि तेथून पुढची साखळी कोठे जाते, हे यवतमाळ जिल्ह्याला कोणी सांगण्याची गरज नाही.

वाघ अभयारण्याची सीमा पाळत नाही, हेही याच जिल्ह्याने देशाला दाखवून दिले. टिपेश्वरमध्ये जन्मलेल्या एका तरुण वाघाला २०१९ च्या फेब्रुवारीत रेडिओ कॉलर लावली गेली. शेते, ओढे, रस्ते ओलांडत, तेलंगणातही डोकावून, सुमारे १,३०० किलोमीटरचे अंतर तोडून तो त्या वर्षाच्या अखेरीस बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. २०२४ च्या डिसेंबरात धाराशिव जिल्ह्यातील येडशी रामलिंग घाट अभयारण्यात ट्रॅप कॅमेऱ्याने एक वाघ टिपला. पट्ट्यांच्या ठेवणीवरून तोही टिपेश्वरचाच निघाला. एवढ्या लांबच्या वाटेवर या वाघांचे पोट कशावर भरले? शेतशिवारातील रोही, रानडुकरे आणि गुरांवर. अर्थात, जंगलाबाहेरचा खुरधारी प्राणी हा शेतकऱ्याच्या दृष्टीने उपद्रव असला, तरी वाघाच्या दृष्टीने तो वाटेतला शिधा आहे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत आणि त्यांचा तोल आकड्याशिवाय साधता येणार नाही.

चुकीच्या मोजणीची किंमत

मोजणीला इतके महत्त्व का द्यावे, याचे उत्तर सरिस्काने दिले आहे. अनेक दशके आपल्याकडे वाघ मोजले जात ते पायाच्या ठशांवरून. काचेवर ठसा गिरवायचा, आकार पाहायचा आणि वाघ ओळखायचा. राजस्थानातील सरिस्का व्याघ्र प्रकल्पात २००४ साली कागदोपत्री दीड डझनाच्या आसपास वाघ नांदत होते. प्रत्यक्षात त्याच सुमारास शिकाऱ्यांनी ते जंगल वाघांपासून रिकामे केले होते आणि २००५ मध्ये तेथे एकही वाघ उरला नसल्याचे उघड झाले. ज्यांनी आकडे लिहिले, त्यांतील प्रत्येक जण अप्रामाणिक होता असे नाही. पद्धतच अशी होती की इच्छा आणि वस्तुस्थिती यांतील फरक तिला कळत नव्हता.

त्या धक्क्यातून नवी पद्धत आली. २००६ च्या गणनेत देशात १,४११ वाघ असल्याचे समोर आले. आकडा लाजिरवाणा होता, पण खरा होता. खऱ्या आकड्यावर धोरण उभे राहिले आणि २०२२ च्या गणनेत तो ३,६८२ पर्यंत पोहोचला. महाराष्ट्रातील वाघ याच काळात १०३ वरून ४४४ झाले. कटू आकडा स्वीकारण्याचे धैर्य दाखविले म्हणूनच हा पल्ला गाठता आला.

या यशाच्या केंद्रस्थानी ट्रॅप कॅमेरा होता. कल्पना जुनी आहे. इंग्रज वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी १९२०च्या दशकात हिमालयाच्या पायथ्याच्या जंगलांत वाटेवर तार ताणून, तिच्यावर पाय पडताच वाघाने स्वतःचेच छायाचित्र काढावे अशी योजना केली होती. आज तारेची गरज उरलेली नाही. डब्यातील संवेदक प्राण्याच्या शरीराची ऊब आणि हालचाल ओळखतो आणि क्षणात चित्र, तारीख व वेळ नोंदवतो. २०१८ च्या राष्ट्रीय गणनेत २६,८३८ ठिकाणी असे कॅमेरे लागले आणि त्यांनी ३ कोटी ४८ लाखांहून अधिक चित्रे टिपली. जगातील सर्वांत मोठे कॅमेरा सर्वेक्षण म्हणून त्याची गिनेस विक्रमात नोंद झाली.

परंतु त्या विक्रमातील एक आकडा फारसा कोणी लक्षात घेतला नाही. एवढ्या चित्रांपैकी वाघाची चित्रे होती ७६,६५१ आणि बिबट्याची ५१,७७७. म्हणजे साधारण साडेचारशे चित्रांमागे एक वाघ. उरलेल्या चित्रांत होते ते बाकीचे सारे रान; चितळ, सांबर, रोही, डुक्कर, साळिंदर, अस्वल. वाघांच्या अधिवासातील खुरधारी प्राण्यांच्या स्थितीचा स्वतंत्र राष्ट्रीय अहवाल आता निघाला आहे आणि झारखंड, ओडिशा व छत्तीसगडमधील काही जंगलांत हे प्राणी चिंताजनक रीतीने कमी असल्याचे त्याने दाखवून दिले, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. तरीही तो हिशेब वाघाच्या जंगलाचा आहे. धुऱ्यापलीकडे, म्हणजे जेथे शेतकरी व हरीण समोरासमोर येतात तेथे, कॅमेरा अजून पोहोचलेला नाही.

किंबहुना गावशिवारात कॅमेरा पोहोचतो तो संकट आल्यानंतर. राळेगाव-पांढरकवडा परिसरात 'अवनी' म्हणजेच टी-१ या वाघिणीशी १३ माणसांच्या मृत्यूंचा संबंध जोडला गेला. तिच्या शोधासाठी २०१८ मध्ये कॅमेरे, ड्रोन, हत्ती, कुत्री असा सारा लवाजमा रानात उतरला आणि २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री बोराटीच्या शिवारात ती ठार झाली. तिच्या मृत्यूवर देशभर वाद झाला. गावकऱ्यांच्या मृत्यूंवर त्या मानाने फार थोडी चर्चा झाली. या शिवारांत आधीपासून वर्षभर साधी नोंद होत असती, कोणत्या वाटेवर काय चालते आणि गुरांखेरीज वाघाला खाण्यास काय उरले आहे हे माहीत असते, तर सावध होण्यास अधिक वेळ मिळण्याची शक्यता होती. आग लागल्यावर विहीर खणण्याचा हा प्रकार पुन्हा घडू नये.

कॅमेरा काय सांगतो आणि काय सांगत नाही

स्वयंसेवकांनी मोजणी करायची म्हटले की अनेकांच्या डोळ्यांसमोर बुद्ध पौर्णिमेची रात्र उभी राहते. टिपेश्वरसह विदर्भातील अनेक अभयारण्यांत वैशाखातील त्या चांदण्या रात्री पाणवठ्याजवळच्या मचाणावर बसून प्राण्यांची नोंद करण्याची प्रथा आहे. तिने हजारो तरुणांना जंगलाची गोडी लावली, हे तिचे श्रेय निर्विवाद आहे. पण मोजणी म्हणून ती अपुरी आहे. एकच कळप दोन पाणवठ्यांवर गेला तर दोनदा मोजला जातो. त्या रात्री पाण्यावर न आलेला प्राणी मोजलाच जात नाही. म्हणूनच वनविभागाने आता तिला 'निसर्गानुभव' असे प्रामाणिक नाव दिले आहे. एका रात्रीचा अनुभव आणि वर्षभराची नोंद यांत अंतर आहे. आपल्याला दुसरी हवी आहे.

ट्रॅप कॅमेराही जादूची कांडी नव्हे. वाघाचे पट्टे माणसाच्या बोटांच्या ठशांसारखे वेगळे असतात. त्यामुळे दोन बाजूंनी कॅमेरे लावले की वाघ एकेक करून ओळखता येतो. चितळाच्या कळपात असे करणे व्यवहारात अशक्यप्राय. दहा चित्रांत दहा चितळे दिसली म्हणजे दहा चितळे आहेत असे नाही. एकच मादी दहा वेळा गेलेली असू शकते. म्हणून हरणांसाठी हिशेबाची रीत वेगळी ठेवावी लागते. एकाच कॅमेऱ्यावर अर्ध्या तासाच्या आत आलेली एकाच जातीची चित्रे मिळून एक नोंद धरायची. मग दर शंभर कॅमेरा-रात्रींमागे किती नोंदी झाल्या, ते काढायचे. दहा कॅमेरे तीस रात्री लावले तर तीनशे कॅमेरा-रात्री झाल्या. त्यांत चितळाच्या साठ नोंदी आल्या तर प्रमाण शंभरामागे वीस. ही संख्या 'गावात चितळे किती' हे सांगत नाही. मात्र त्याच जागी, त्याच महिन्यात, त्याच रीतीने दरवर्षी मोजले तर चितळे वाढत आहेत की घटत आहेत, हे ती निश्चित सूचित करते. आणि धोरणाला बहुधा तेच हवे असते.

याच्या जोडीला पायी मोजणी लागते. पहाटे सुमारे दोन किलोमीटरच्या ठरलेल्या सरळ रेषेवर चालायचे, दिसलेला प्रत्येक कळप, त्यातील संख्या, त्याचे अंतर व दिशा लिहायची. या नोंदींवरून चौरस किलोमीटरमागे किती प्राणी आहेत, याचा अंदाज शास्त्रज्ञ बांधू शकतात. कॅमेरा रात्रीचा साक्षीदार आणि पायी चालणारा स्वयंसेवक पहाटेचा. दोघांची साक्ष जुळली की आकड्याला वजन येते.

शिवाय कॅमेरा असे काही सांगतो, जे केवळ संख्येत येत नाही. कळप कोणत्या वाटेने शेतात उतरतो, रात्री किती वाजता उतरतो, माद्यांच्या मानाने पाडसे किती आहेत, कळपामागे मोकाट कुत्री लागली आहेत का, हे सारे चित्रांत दिसते. जागलीला बसणाऱ्या शेतकऱ्याला रोही कोठून व केव्हा येते हे नेमके कळले, तर दहा एकरांभोवती कुंपण घालण्याऐवजी एका बाजूवर लक्ष केंद्रित करता येते. पाडसांचे प्रमाण सलग दोन-तीन वर्षे घटले, तर कळपावर संकट आले आहे याची खूण संख्या कोसळण्याच्या आधीच मिळते.

सामान्य माणसाला हे जमेल का, अशी शंका काहींच्या मनात येईल. जगाचा अनुभव पाहावा. टांझानियातील सेरेंगेटीच्या गवताळ मैदानात २०१० पासून २२५ ट्रॅप कॅमेरे लावले गेले. त्यांनी टिपलेल्या लाखो चित्रांतील प्राणी ओळखण्याचे काम जगभरातील सुमारे २८,००० स्वयंसेवकांनी घरबसल्या केले. एकच चित्र अनेकांना दाखवून बहुमत घेतले जाई. जाणकारांनी तपासले तेव्हा ही सामूहिक ओळख सुमारे ९७ टक्के बरोबर निघाली. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात तर तेथील नैसर्गिक संसाधन विभागानेच २०१६ पासून नागरिकांच्या हाती कॅमेरे दिले. शेतकरी, शिक्षक, निवृत्त माणसे आपल्या परिसरात कॅमेरा सांभाळतात आणि हरणाच्या माद्यांमागे पाडसांचे प्रमाण किती, याचा जो हिशेब शासन करते त्यात ही चित्रे वापरली जातात. तेथे हरणांच्या शिकारीला कायद्याने मुभा आहे, आपल्याकडे ती नाही. त्यामुळे त्यांचे नियम उचलून येथे लावता येणार नाहीत. घेण्यासारखा आहे तो नागरिकाच्या नोंदीवर शासनाने ठेवलेला विश्वास.

आणि निरीक्षणाची परंपरा तर आपल्याला नवी नाहीच. हंसदेवाचा 'मृगपक्षिशास्त्र' हा संस्कृत ग्रंथ पशुपक्ष्यांच्या स्वभावाचे व प्रकारांचे वर्णन करतो. आपल्याच काळात मारुती चितमपल्ली (१९३२-२०२५) यांनी विदर्भातील जंगलांत आयुष्य वेचले आणि रानातील ज्ञानाचा मोठा ठेवा वनात राहणाऱ्या माणसांकडून, त्यांच्याच बोलीतून मिळवून मराठीत आणला. यवतमाळातील कोलाम पोडांवर आणि गोंड वस्त्यांवर आजही असे वृद्ध आहेत, जे खुराचा ठसा पाहून जनावर केव्हा गेले ते सांगतात. कॅमेरा कोठे बांधावा, हे त्यांच्याइतके अचूक कोणतेही यंत्र सांगू शकणार नाही. नव्या साधनाला जुन्या जाणकारीची जोड मिळाली, तरच हे काम उभे राहील.

शेतकऱ्याला आकडा का हवा?

'मोजून काय होणार? आमचे पीक परत येणार आहे का?' असा प्रश्न शेतकरी विचारील आणि तो रास्त आहे. कापूस, सोयाबीन, तूर आणि हरभरा यांवर उभा असलेला हा कोरडवाहू जिल्हा शेतकरी आत्महत्यांमुळे देशाला परिचित झाला, ही आपल्या सर्वांच्या काळजाला लागलेली गोष्ट आहे. भाव, पाऊस आणि कर्ज यांच्याशी झुंजणाऱ्या माणसाला वर रात्रीची जागलही करावी लागते. थंडीत, सापाकिरड्यांत, वाघाच्या भीतीत मचाणावर काढलेल्या त्या रात्रींची भरपाई कोणत्याही पंचनाम्यात येत नाही. अशा वेळी कोणी कुंपणात वीजप्रवाह सोडतो आणि मग कधी वाघ मरतो, कधी शेजारचाच माणूस मरतो.

म्हणूनच आकडा हा सर्वप्रथम शेतकऱ्याच्या हातचे साधन आहे. आज नुकसान झाले की एकट्या शेतकऱ्याने अर्ज करायचा, पंचनाम्याची वाट पाहायची आणि आपले म्हणणे आपणच सिद्ध करायचे. गावाकडे तीन वर्षांची तारीखवार नोंद असेल, कोणत्या धुऱ्यावर कोणत्या महिन्यात रोहीचे कळप किती वेळा उतरले याची चित्रे असतील, तर ते गाऱ्हाणे राहत नाही, तो पुरावा होतो. कुंपणासाठीचे अनुदान प्रथम कोणत्या शिवाराला द्यावे, हेही शिफारशीऐवजी पुराव्यावर ठरविता येते.

दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची. पिकांचे नुकसान करणाऱ्या रोही व रानडुकरांना मारण्याच्या परवानगीची वाट राज्य शासनाने २०१५ मध्ये मोकळी केली. बिहारमध्ये केंद्राच्या संमतीने नीलगाय काही काळ उपद्रवी घोषित झाली आणि २०१६ च्या जूनमध्ये मोकामा परिसरात बाहेरून आणलेल्या नेमबाजांनी दोनशेहून अधिक नीलगायी टिपल्या. त्यावर केंद्रातील मंत्र्यांमध्येच जाहीर वाद झाला. एक बाजू शेतकऱ्याचे अश्रू दाखवीत होती, दुसरी प्राण्यांचे रक्त. मारण्यापूर्वी किती होत्या, मारल्यावर किती उरल्या आणि पिकाचे नुकसान त्यामुळे किती घटले, हा प्रश्न त्या गदारोळात बाजूला पडला. मोजणीवाचून मारणे हा अंधारातील बाण आहे आणि मोजणीवाचून 'मारू नका' म्हणणे हे शेतकऱ्याच्या ताटावर दाखविलेले औदार्य आहे. दोन्हींपासून समाजाने दूर राहावे.

कॅमेऱ्याची लक्ष्मणरेषा

या साधनाचा एक धोका स्पष्टपणे सांगितला पाहिजे. कॅमेरा हरणाला जसा पाहतो तसाच माणसालाही पाहतो. सरपणासाठी, मोहफुलांसाठी, तेंदूपानासाठी आणि आडोशासाठी रानात जाणाऱ्या आयाबहिणी त्याच वाटांवरून चालतात. उत्तराखंडात कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पाच्या परिसरात केंब्रिज विद्यापीठाच्या संशोधकांनी १४ महिन्यांत २७० रहिवाशांशी बोलून केलेला अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. वन्यप्राण्यांसाठी लावलेल्या कॅमेऱ्यांचा व ड्रोनचा वापर गावातील स्त्रियांवर नजर ठेवण्यासाठी झाल्याचे, त्यांची चित्रे बाहेर फुटल्याचे आणि कॅमेऱ्याच्या धाकाने रानात मोकळेपणाने गाणे-बोलणेही त्यांनी सोडल्याचे त्यात नमूद आहे. वाघाच्या रानात मोठ्याने गाणे ही स्त्रियांची सुरक्षिततेची रीत होती, हे लक्षात घेतले म्हणजे हानी किती खोल आहे ते कळते.

म्हणून नियम आधी आणि कॅमेरा नंतर. ग्रामसभेच्या ठरावावाचून एकही कॅमेरा लागू नये. जागा निवडताना गावातील महिलांचे म्हणणे अखेरचे मानावे. कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर, प्राण्यांच्या वाटेकडे रोखलेला असावा आणि तेथे कॅमेरा असल्याची पाटी असावी. माणसाचे चित्र आले तर ते ठरलेल्या दोन व्यक्तींनी, त्यांतील एक महिला, तत्काळ पुसून टाकावे. वाघाचे किंवा बिबट्याचे चित्र आले तर ते भ्रमणध्वनीवरून गावभर फिरविण्याऐवजी थेट वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याला कळवावे. कारण वाघाचा ठावठिकाणा शिकाऱ्यालाही हवा असतो. अभयारण्याच्या हद्दीत आणि वनजमिनीवर वनविभागाच्या लेखी परवानगीशिवाय पाऊल टाकू नये. स्वयंसेवक कायद्याचा सहायक आहे, पर्याय नाही.

कार्यकर्त्यांनी काय करावे?

या कामासाठी नवी संस्था काढण्याची गरज नाही. जैविक विविधता कायदा, २००२ नुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आहे आणि तिच्याकडे लोक जैवविविधता नोंदवही असणे अपेक्षित आहे. हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ची मुदत दिल्यामुळे देशभर अनेक नोंदवह्या घाईने भरल्या गेल्या आणि कपाटात गेल्या. वनहक्क कायदा, २००६ नेही ग्रामसभेला वन्यजीवांच्या रक्षणाचा अधिकार दिला आहे. चौकट तयार आहे. तीत प्राण भरणारी माणसे हवीत.

टिपेश्वरच्या सीमेवरील मोजक्या गावांपासून आरंभ करता येईल. प्रत्येक गावात चार-पाच तरुण-तरुणींचा गट, त्यांच्यासोबत एक जाणता वृद्ध आणि वनरक्षक. एका बऱ्यापैकी भ्रमणध्वनीच्या किमतीत एक कॅमेरा येतो. तो गावाला दत्तक देण्याचे काम नागपूर, पुणे, मुंबईतील कुटुंबे आनंदाने करू शकतील. वाढदिवसाच्या एका समारंभाचा खर्च वाचविला तरी एका शिवाराला डोळा मिळेल. वर्षातून दोन हंगाम पुरेत. एक खरीप उभा असताना, दुसरा उन्हाळ्यात पाणी आटल्यावर. महाविद्यालयांतील प्राणिशास्त्राच्या व संख्याशास्त्राच्या प्राध्यापकांनी हिशेबाची शिस्त लावून द्यावी. चित्रांची छाननी शहरातील घरांत होऊ शकते. सुटीत आजोबा आणि नातू शेजारी बसून चितळाची मादी आणि पाडस ओळखू लागले, तर त्या घरात निसर्गाचे शिक्षण वेगळे द्यावे लागणार नाही.

आणि सर्वांत महत्त्वाचे, वर्षाचा आकडा प्रथम ग्रामसभेत वाचला जावा. तो शेतकऱ्याच्या समजुतीविरुद्ध गेला तरी वाचावा, खात्याच्या अहवालाविरुद्ध गेला तरी वाचावा आणि निसर्गप्रेमींना रुचला नाही तरीही वाचावा. ज्या गावाने स्वतः मोजले, त्या गावाला तो आकडा परका वाटत नाही. सरिस्कात आकडा कार्यालयात जन्मला आणि कार्यालयातच मेला. जंगलाला आणि गावाला त्याचा पत्ताही नव्हता. यवतमाळात तो शिवारात जन्मावा.

सेवाकार्य म्हटले की आपल्याला पूर, भूकंप, दुष्काळ आठवतो. तेथे धावून जाणे हा आपल्या समाजाचा स्वभाव आहे. परंतु संकट नसतानाही, कोणी पाहत नसताना, महिनोन्महिने एक वही नीट भरत राहणे हीदेखील सेवाच आहे आणि ती अधिक कठीण आहे. तिला टाळ्या मिळत नाहीत. पाचव्या वर्षी मिळतो तो एक विश्वासार्ह आकडा. त्या आकड्यावर शेतकऱ्याचे पीक आणि रानातले पाडस या दोघांच्याही रक्षणाचा विचार एकाच बैठकीत, न भांडता करता येईल. येत्या मृगाच्या पेरणीपूर्वी टिपेश्वरच्या काठावरील दोन-चार गावांनी जरी असा ठराव केला, तरी या कामाचा आरंभ झाला असे म्हणता येईल.